भाटातून जाणारी वाट कोणाची हे कसे ठरवावे

बार्देश तालुक्यातील एका वाड्यावरून विचारणा आली आहे. वाड्यावरून शेतांकडे आणि पुढे तळीकाठच्या देवळाकडे जाणारी पायवाट एका नारळीच्या भाटातून, म्हणजे बागायतीतून, जाते. भाटकाराच्या, म्हणजे जुन्या जमीनमालकाच्या, वारसांनी ते भाट विकले, नव्या मालकाने चिऱ्यांची भिंत घालून फाटक बसवले आणि पावसाळा सरताच फाटकाला कुलूप लागले. एक-चौदाच्या उताऱ्यात, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीत, वाटेचा उल्लेख नाही. सर्वे प्लॅनवर भाटाच्या अर्ध्या लांबीपर्यंत तुटक रेषा आहे, पुढे ती दिसत नाही. पंचायत म्हणते जमीन खासगी आहे, मालक म्हणतो लोक भाटकाराच्या मर्जीने जात होते, आणि वाड्यावरची मंडळी म्हणतात वाट सार्वजनिक आहे. तेव्हा ती खरोखर सार्वजनिक आहे का हे ठरवायचे कसे, आणि तशी ठरली तर तिच्यावरून स्कूटर नेता येईल का, असे दोन प्रश्न आहेत.

मोजणीच्या कामात आणि नंतर न्यायालयाने नेमलेला कमिशनर म्हणून अशा वाटा पाहताना एक गोष्ट वारंवार दिसते. लोक पुरावा भरपूर गोळा करतात, पण आपण कोणता हक्क सांगत आहोत हे ठरवत नाहीत. अर्जात ‘पारंपरिक वाट’ एवढेच लिहिलेले असते. त्यामुळे एका हक्काला लागणारा पुरावा दुसऱ्याच हक्काच्या दाव्यात जोडला जातो, आणि वाट खरी असूनही दावा फसतो.

कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८८८ साली वाटेच्या हक्कांचे तीन प्रकार सांगितले होते आणि ते आजही उपयोगी पडतात. पहिला खासगी हक्क, जो ठरावीक माणसांचा किंवा ठरावीक जमिनीच्या मालकाचा असतो. दुसरा एखाद्या गावच्या रहिवाशांसारख्या विशिष्ट समूहाचा. तिसरा कोणाही वाटसरूचा, म्हणजे पूर्ण अर्थाने सार्वजनिक. गोव्याच्या बाबतीत हे वर्गीकरण बाहेरून आणलेले वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडे लागू असलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनेही वस्तूंचे सार्वजनिक, समाईक आणि खासगी असेच तीन भाग केले होते, आणि समाईक म्हणजे विशिष्ट प्रशासकीय हद्दीतील लोकांनाच जिचा लाभ घेता येतो अशी वस्तू, असे मानले होते. आपल्या वाड्याची वाट बहुधा या मधल्या प्रकारात बसेल. ‘सार्वजनिक’ म्हणण्याचा आग्रह धरून उगीच जड ओझे उचलण्यापेक्षा ‘या वाड्याच्या रहिवाशांची शेताकडे आणि देवळाकडे जाण्याची रूढीची वाट’ असे म्हणणे अधिक खरे आणि सिद्ध करायला अधिक सोपे असते.

हा फरक कागदावरचा नाही. १८८२ च्या सुविधाधिकार (ईझमेंट) कायद्याचे कलम १५ वीस वर्षांच्या वापराने मिळणाऱ्या हक्काबद्दल बोलते. वापर शांततेने, उघडपणे, खंड न पडता आणि हक्काने झालेला असावा लागतो, आणि दावा दाखल करण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत तो काळ संपलेला असावा लागतो. जमीन सरकारी असेल तर वीसऐवजी तीस वर्षे. पण हा हक्क एका जमिनीच्या फायद्यासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. ज्याचे शेत पलीकडे आहे त्याला तो सांगता येतो. देवळात जाणाऱ्या भक्ताला किंवा पाव विकायला येणाऱ्या पोदेराला नाही. जनतेचा किंवा कोणाचाही जो हक्क दुसऱ्या जमिनीच्या मालकीवर अवलंबून नसतो, तो या कायद्याच्या कक्षेबाहेरच ठेवला आहे; कलम २ मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून वीस वर्षे मोजण्याआधी आपण कोणाच्या वतीने बोलत आहोत ते नक्की करावे. एकाच वाटेवर पाच शेतकऱ्यांचा खासगी हक्क आणि वाड्याचा रूढीचा हक्क असे दोन्ही असू शकतात. दाव्यात ते वेगवेगळे मांडावेत, एकात एक मिसळू नयेत.

आता सर्वे प्लॅन. गोव्यातील सध्याचा प्लॅन १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली साधारण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या मोजणीतून आला आहे. त्यावर वाट दोन तऱ्हांनी दिसते आणि त्यांतला फरक मोठा आहे. वाटेला स्वतःची पट्टी असेल, म्हणजे दोन सर्वे क्रमांकांच्या मधून ती जात असेल आणि कोणत्याही क्रमांकात मोडत नसेल, तर ती कोणाच्याही उताऱ्यात येत नाही. संहितेच्या कलम १४ प्रमाणे जे रस्ते, गल्ल्या, वाटा कोणा व्यक्तीच्या मालकीच्या नाहीत त्या सरकारच्या, आणि अशा पट्टीवर भिंत आली असेल तर काम बरेच सोपे होते. आपल्या वाटेची तुटक रेषा मात्र एका सर्वे क्रमांकाच्या पोटात आहे. तिचा अर्थ इतकाच, की मोजणीदार त्या दिवशी तेथे आला तेव्हा जमिनीवर पाऊलवाट दिसत होती. ती कोणाच्या हक्काची हे रेषा सांगत नाही. उलट, रेषा अर्ध्यावर थांबली म्हणून वाट तेथे संपली असेही नाही. नारळीच्या दाट सावलीत, पालापाचोळ्यात किंवा पावसाने धुपलेल्या उतारावर वाट अस्पष्ट झाली की मोजणीदार रेषा सोडून देत असे. तुटक रेषेचे शेवटचे टोक शेजारच्या क्रमांकाच्या प्लॅनवर कोठे उगवते ते पाहावे. शेजारच्या प्लॅनवर तशीच रेषा हद्दीला येऊन मिळत असेल तर दोन टोकांच्या मध्ये वाट होतीच, हे कोणालाही समजावून सांगता येते.

मापाचा मोह मात्र टाळावा. हे प्लॅन बहुतांशी १:१००० किंवा १:२००० प्रमाणावर असतात. पहिल्या प्रमाणावर एक मिलिमीटर म्हणजे एक मीटर आणि दुसऱ्यावर दोन मीटर. रेषेचीच जाडी अर्ध्या मिलिमीटरची धरली तर ती जमिनीवर अर्धा ते एक मीटर झाकते. अशा प्लॅनवर पट्टी ठेवून ‘वाट दीड मीटर रुंद होती’ असे म्हणणारा माणूस उलटतपासणीत टिकत नाही. प्लॅनवरून दिशा आणि टोके घ्यावीत. रुंदी प्रत्यक्ष जागेवरून घ्यावी.

एक-चौदाच्या उताऱ्याबद्दल लोक उगीच घाबरतात. संहितेच्या कलम १०५ प्रमाणे उताऱ्यातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. पण ‘इतर हक्क’ या रकान्यात काही लिहिलेले नाही याचा अर्थ तेथे कोणाचा हक्क नाही असा होत नाही. मोजणीच्या वेळी नोंदी भाटकार आणि कूळ यांच्याभोवती फिरत होत्या. वाटेसाठी कोणी अर्ज घेऊन गेले नाही. रिकामा रकाना ही मालकाची बाजू थोडी जड करतो, एवढेच.

खरी संपत्ती जुन्या पोर्तुगीज कागदांत असते, आणि विशेषतः जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बार्देश आणि साष्टी येथे, ती मुबलक आहे. भूनोंदणी कार्यालयातील पुस्तकांत प्रत्येक नोंदलेल्या मिळकतीचे वर्णन असते आणि त्यात पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण या चार दिशांना काय लागते ते लिहिलेले असते. आपल्या भाटाचे वर्णन काढा, आणि त्याच्या चारही बाजूंच्या मिळकतींचीही वर्णने काढा. शेजाऱ्याच्या कागदात आपल्या वाटेबद्दल लिहिलेले असेल तर ते अधिक वजनदार ठरते, कारण त्याला आपल्या भांडणाशी काही देणेघेणे नव्हते. या वर्णनांत ‘कामिन्यु पुब्लिकु’ असे आढळले तर सार्वजनिक वाट. नुसते ‘कामिन्यु’ असेल तर वाट एवढेच. आणि ‘सेर्वेंतिया’ असेल तर काही ठरावीक मिळकतींच्या येण्याजाण्यासाठी राखलेली वाट. भाषांतर करून घेताना अनुवादकाने या तिन्हींना सरसकट ‘रस्ता’ म्हटलेले मी पाहिले आहे, आणि त्याने प्रकरणाचे वाटोळे होऊ शकते. मूळ पोर्तुगीज ओळ अर्जात जशीच्या तशी लिहून खाली मराठी अर्थ द्यावा.

शेत कोमुनिदादचे, म्हणजे गावच्या सामूहिक जमीनसंस्थेचे, असेल तर कोमुनिदादच्या नोंदी, बांधांच्या दुरुस्तीचे ठराव, लिलावाच्या अटी पाहाव्यात. खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेताच्या, बांधावरून जाणारी वाट ही पुष्कळदा बांधाच्या देखभालीशी जोडलेली असते. मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, पाणी सोडायला माणूस रात्री-अपरात्री जात असे आणि तो ज्या वाटेने जाई ती बंद करण्याचा विचार कोणी करत नसे. तसेच कुटुंबाच्या वाटणीचे, म्हणजे इन्व्हेंटरीचे कागद जरूर पाहावेत. भाट एकाच घराण्याचे असताना त्याचे तुकडे झाले असतील आणि मागच्या तुकड्याला बाहेर पडायला दुसरी वाटच नसेल, तर सुविधाधिकार कायद्याच्या कलम १३ खाली गरजेची वाट मागता येते. पण ही गरज अगदी कडक अर्थाने घेतली जाते. लांबची, चिखलाची, गैरसोयीची का होईना, दुसरी वाट असेल तर गरज संपते. आपल्या प्रश्नात पलीकडून डांबरी रस्त्याने देवळापर्यंत वळसा घालून जाता येते असे लिहिले आहे, म्हणून गरजेच्या वाटेचा हा उपाय आपल्यासाठी बंद धरावा. रूढीचा किंवा वीस वर्षांच्या वापराचा हक्क मात्र दुसरी वाट असल्यामुळे नाहीसा होत नाही.

कागद पाहून झाल्यावर जागेवर जावे, आणि कुंपणाच्या बाहेरून जेवढे दिसेल तेवढे तरी पाहावे. जुनी वाट जुन्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, कोठे छेदते ते महत्त्वाचे. नवी भिंत आणि जुना गडगा यांत फरक असतो. जुन्या गडग्यात माणसासाठी सोडलेली खिंड असेल, तिच्या दोन्ही बाजूंना पायंडीचे, म्हणजे पायरीचे, चिरे लावलेले असतील आणि त्या चिऱ्यांच्या मधोमध पावलांनी घासून खळगा पडला असेल, तर भाट बांधणाऱ्यानेच ती वाट गृहीत धरली होती असे म्हणता येते. गुरे आत येऊ नयेत पण माणूस जावा म्हणून आडवा चिरा उंच बसवलेला असतो, तोही पाहावा. नारळीच्या रांगा पाहा: वाटेच्या जागी रांग मोडून माड लावलेला नसेल, तर माड लावणाराही वाट सांभाळत होता. वाटेच्या कडेने विजेचे खांब, पाण्याची नळवाहिनी, ओहळावरचा साकव असेल तर त्याची तारीख पंचायतीच्या किंवा वीज खात्याच्या कागदांत मिळते. या सर्वांची छायाचित्रे काढताना चौकटीत एखादा स्थिर खूण-बिंदू, विहिरीचा कठडा किंवा सर्वेचा दगड, येईल असे पाहावे, नाहीतर दोन वर्षांनी भिंत वाढली की कोणती खिंड कोठे होती हे सांगता येत नाही.

त्यानंतर वाटेची दोन टोके पाहावीत. सार्वजनिक किंवा वाड्याची वाट सहसा एका सार्वजनिक जागेपासून दुसऱ्या सार्वजनिक जागेपर्यंत जाते: रस्ता, देऊळ, चॅपेल, खुरीस (क्रूस), तळी, झर, स्मशान, तारीचा धक्का. भाटाच्या मध्येच असलेल्या एका घरापर्यंत जाऊन संपणारी वाट बहुधा त्या घराची असते. आपली वाट देवळापर्यंत जाते ही बाजू चांगली आहे. पालखी त्याच वाटेने जात असेल, शिगम्याचे रोमट तेथून फिरत असेल, चतुर्थीचा गणपती त्याच वाटेने तळीकडे नेत असतील, तर देवस्थानच्या वह्यांत किंवा खर्चाच्या नोंदींत त्याचा माग असू शकतो. मिरवणूक चोरून किंवा भाटकाराची रोज परवानगी घेऊन निघत नाही, आणि म्हणून तिचा पुरावा दहा रहिवाशांच्या एकसारख्या प्रतिज्ञापत्रांपेक्षा जास्त मोलाचा असतो.

साक्षीदारांबद्दल जुन्या साक्ष कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही दोन उदाहरणे आहेत, आणि ती थेट वाटेचीच आहेत. एखादी वाट सार्वजनिक आहे का असा प्रश्न असताना, गावच्या मृत मुखियाने पूर्वी ‘ती सार्वजनिक आहे’ असे केलेले विधान ग्राह्य धरता येते. आणि त्याच जमिनीवरील दुसऱ्या दाव्यात सार्वजनिक वाट मान्य झालेली असेल तर तो निकाल निर्णायक नसला तरी संबंधित पुरावा ठरतो. आपल्याकडे जुन्या रेजेदोराचे (पोर्तुगीज काळातील गावच्या अधिकाऱ्याचे) पत्र, पंचायतीच्या जुन्या सरपंचांचा ठराव, किंवा शेजारच्या भाटाच्या एखाद्या जुन्या दाव्याचा निकाल यांचा शोध म्हणून घ्यावा. जिवंत वृद्धांच्या साक्षी घेताना एकच मजकूर सर्वांकडून सही करून घेऊ नये. कोणी कोणत्या ऋतूत, कशासाठी, डोक्यावर काय घेऊन जात असे, त्या काळी भाटात कोण राखणदार होता, हे प्रत्येकाच्या तोंडून त्याच्याच शब्दांत यावे. आणि वर्ष सांगावे. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात २००४ साली न्यायालयाने स्पष्ट सांगितले की वीस वर्षांच्या वापराचा हक्क सांगणाऱ्याने वापर केव्हापासून आहे याचे नेमके कथन केले पाहिजे. ‘अनादी काळापासून’ हे शब्द मोठे असतात, पण त्यांच्यातून तारीख निघत नाही.

मालकाचा मुख्य बचाव मर्जीचा आहे, आणि तो हलका समजू नये. परवानगीने केलेला वापर कितीही वर्षे चालला तरी त्याचा हक्क होत नाही. आपल्याकडे यात एक गुंता असतो. वाड्यावरची काही घरे त्याच भाटकाराच्या मुंडकारांची (त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांची) किंवा कुळांची असतील तर त्यांचे येणेजाणे त्या नात्यातून झाले असे म्हणता येते. म्हणून त्यांची साक्ष वाड्याच्या हक्कासाठी पुरेशी नसते. त्या भाटकाराशी कोणतेही नाते नसलेली माणसे, म्हणजे पलीकडच्या वाड्यावरचे, दुसऱ्या भाटकाराचे मुंडकार, कोमुनिदादची शेते लिलावात घेणारे, ती वाट वापरत होती का, हे शोधावे. ती मिळाली तर मर्जीचा बचाव बराच लंगडा पडतो. उलट, भाटकार वर्षातून एक दिवस फाटक बंद ठेवत असे, किंवा वाटेबद्दल कोणी नारळ वा श्रम देत असे, असे निघाले तर तेही प्रामाणिकपणे मान्य करावे, कारण ते दुसऱ्या बाजूने बाहेर येणारच.

आता काळाचा हिशेब, कारण कुलूप पावसाळा सरताच लागले आणि ही मुदत आपल्या हातात नाही. शेतीच्या जमिनीकडे जाणाऱ्या रूढ वाटेवरील अडथळ्यासाठी १९६६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली मामलेदाराकडे जाता येते, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हा उपाय स्वस्त आणि तुलनेने लवकरचा आहे, पण तो शेतापुरता आहे. देवळाकडे जाण्याचा हक्क त्यात घालू नये, शेतकऱ्यांनी आपापल्या शेतासाठी अर्ज करावा. जमिनीच्या वापरावरून शांतताभंगाची भीती असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६६ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येते, आणि तेथे अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत, किंवा ऋतुमानाप्रमाणे वापरायची वाट असेल तर शेवटच्या हंगामात, वापर झालेला असावा लागतो. सार्वजनिक वाटेवरील अडथळा हटवण्यासाठी कलम १५२ आहे, पण मालकाने सार्वजनिक हक्कच नाकारला आणि त्याला विश्वसनीय आधार दाखवला, तर दंडाधिकाऱ्याला कामकाज थांबवून दिवाणी निकालाची वाट पाहावी लागते. त्यामुळे पुरावा कच्चा असताना येथे धावत गेल्यास मालकाच्या हाती एक अनुकूल कागद पडतो, एवढेच होते.

दिवाणी दाव्यात सुविधाधिकार कायद्याचे एक सूक्ष्म वाक्य आठवावे: अडथळा कळूनही तो एक वर्ष निमूटपणे सहन केला तरच वापरात खंड पडला असे धरतात. म्हणून आजच लेखी हरकत घ्यावी, पोच ठेवावी, आणि दावा दोन वर्षांच्या मुदतीच्या आत टाकावा. वाड्याच्या वतीने दावा करायचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १ नियम ८ खाली प्रतिनिधी म्हणून परवानगी घ्यावी, आणि पहिल्याच तारखेला ऑर्डर २६ नियम ९ खाली जागेची पाहणी करणारा कमिशनर मागावा, भिंतीच्या खिंडी बुजवल्या जाण्याआधी. पंचायतीने वाटेवर फरशा घातल्या किंवा दिवे लावले असतील तर तो वापराचा चांगला पुरावा आहे, पण फरशा घालून पंचायत खासगी जमिनीवर हक्क निर्माण करू शकत नाही, त्यामुळे सगळा भर त्यावर टाकू नये. समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटांची गोष्ट वेगळी आहे. दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याच्या वाटेवरील २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुष्कळांना तोंडपाठ असतो, पण तेथे जमीन सरकारने संपादन करून देताना वाट मोकळी ठेवण्याची अट होती. तशी अट नसलेल्या भाटासाठी तो निकाल आधाराला घेताना सांभाळून घ्यावा. महाराष्ट्रातील पाणंद आणि शिवरस्त्यांबद्दलचे सल्लेही असेच. सातबाऱ्याची आणि तहसीलदारांची ती व्यवस्था वेगळ्या कायद्यावर चालते.

राहिला स्कूटरचा प्रश्न. त्याचे उत्तर आपल्याला आवडणार नाही. सुविधाधिकार कायद्याच्या कलम २८ मध्ये सांगितले आहे की एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क येत नाही. पायी जाण्याचा हक्क सिद्ध झाला तर पायी जाण्याचाच मिळतो. पूर्वीपासून बैलगाडी जात असेल तर वाहनाचा विचार होऊ शकतो; पण गडग्यातील खिंड एका माणसाची आणि पायंडी उंच असेल, तर तेथे कधी चाक गेलेले नाही हे तो चिराच सांगतो. दोन्ही मागण्या एकाच अर्जात घातल्या तर पायवाटेचा भक्कम हक्क स्कूटरच्या कमकुवत मागणीबरोबर बुडण्याची भीती असते. मालकाला फाटक ठेवू द्यावे, कुलूप नको आणि पायंडी जुन्या जागी हवी, अशी मागणी मांडली तर बोलणी होऊ शकतात. गाडीची वाट हवी असेल तर ती मोबदला देऊन करारपत्राने, नोंदणी करून आणि ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद घालून घ्यावी.